सेकंडहँड ट्रेनर, दुसरा मजला आणि पंचगंगेची पातळी

जानेवारी 2024 मध्ये पुण्यातल्या एका आयटीवाल्याकडून हा सायकल-ट्रेनर मी 46 हजारांना घेतला. त्यानं दोन वर्षांत तो जेमतेम सहाशे किलोमीटर चालवला होता आणि उरलेला वेळ त्यावर टॉवेल वाळत घातले होते. हे त्यानं स्वतःच सांगितलं, म्हणून मी भाव पाडायला गेले नाही. आता दोन पावसाळे झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं जे बिघडलं ते जुन्या मालाचं बिघडलं आणि या किमतीचे बहुतेक ट्रेनर आतून सारखेच असतात.

ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सायकलचं मागचं चाक काढायचं आणि चेन या यंत्राच्या कॅसेटवर, म्हणजे दातेरी चकत्यांवर, चढवायची. आत एक जड फ्लायव्हील, म्हणजे फिरणारं चाक, असतं आणि त्याला चुंबकानं ब्रेक लागतो. तो ब्रेक किती लावायचा हे मोबाईल ठरवतो. म्हणजे तुम्ही बसल्या जागी पॅडल मारता आणि मोबाईल तुम्हाला कधी कागलच्या सपाट रस्त्यावर, तर कधी जोतिबाच्या चढावर नेतो. यात एक स्वस्त प्रकारही मिळतो. त्यात मागचं चाक तसंच ठेवून रोलरवर टेकवायचं असतं. तो मी मैत्रिणीकडं चालवून बघितलाय. टायर झिजतो, आवाज जास्त येतो आणि पायातला जोर सांगणारे वॉटचे आकडे अंदाजपंचे दाहोदरसे. पहिल्यांदाच घेत असाल आणि खरंच चालवाल की नाही याची स्वतःलाच खात्री नसेल, तर तोच घ्या. टॉवेल त्यावरही वाळतात.

मी बेचाळीस वर्षांची. कोल्हापुरात एका बँकेच्या शाखेत अधिकारी आहे. घरी नवरा, सासूबाई (आम्ही त्यांना आत्ती म्हणतो), थोरली मुलगी आणि आठ वर्षांचा धाकटा. राहायला साने गुरुजी वसाहतीच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ट्रेनरचं वजन सतरा किलो. तो वर आणताना नवऱ्यानं जिन्यात विचारलं, "हे एका जागीच थांबणार असेल तर खालीच ठेवूया की." तिथून सुरुवात.

घेण्याचं कारण गोव्याची आयर्नमॅन 70.3 ही ट्रायथलॉन शर्यत. मिरामारला समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, मग 90 किलोमीटर सायकल आणि शेवटी 21.1 किलोमीटर पळायचं. सगळं मिळून 113 किलोमीटर, मैलांत 70.3, म्हणून ते नाव. वेळ साडेआठ तास. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट असते, तिच्या वाटेला मी गेलेले नाही आणि घरच्यांना ती असते हेही सांगितलेलं नाही. पोहणं मी माहेरी विहिरीत पाठीला डबा बांधून शिकले, त्यामुळं पाण्याची भीती नव्हती. पळायला रंकाळा आहे. घोडं अडत होतं ते सायकलपाशी.

पहिली अडचण पावसाची. 2024 ची शर्यत 27 ऑक्टोबरला होती. म्हणजे खरी मेहनत करायचे महिने जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर. कोल्हापूरकरांना पुढं सांगायला नको. आमच्याकडं जुलैत सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न "चहा झाला का?" हा नसतो, "किती फूट?" हा असतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 ला धोका. त्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेनं 43 फूट ओलांडले. माझ्या वेळापत्रकात त्या रविवारी लिहिलं होतं: तीन तास, सपाट रस्ता. सपाट रस्ता पाण्याखाली होता. त्याच आठवड्यात पॅरिस ऑलिंपिकमध्ये सीन नदीचं पाणी खराब म्हणून पुरुषांची ट्रायथलॉन 30 तारखेवरून 31 ला ढकलली. ते बघून मला उगाच धीर आला, की नदी फक्त आमचंच वेळापत्रक बुडवत नाही.

दुसरी अडचण बाई असण्याची. पहाटे साडेचारला हायवेला एकटीनं जायचं, त्यात कागल-सातारा सहापदरीकरणाचं काम, जागोजागी डायव्हर्जन, अंधारात खडी. सायकलवाल्यांचा ग्रुप आहे आमचा, चांगला आहे. पण ग्रुपची वेळ ग्रुपच्या सोयीची असते. सहाला निघून साडेदहाला मिसळ खाऊन परत. त्या मिसळीत माझा रविवार जायचा.

आता यंत्राबद्दल.

आवाजापासून सुरू करते, कारण जाहिरातीत "नीरव" लिहिलेलं असतं. ट्रेनरचा स्वतःचा आवाज खरंच कमी आहे. मिक्सरपेक्षा कितीतरी कमी, आणि समोर लावलेला टेबल फॅन त्याच्याहून मोठ्यानं ओरडतो. खोलीत बसलेल्या माणसाला वाटतं, काहीच त्रास नाही. त्रास खालच्या माणसाला होतो, कारण हादरे स्लॅबमधून खाली उतरतात. तिसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला दार वाजलं. खालचे काका एस.टी.तून निवृत्त झालेले, अत्यंत सभ्य माणूस. स्वेटर घालून उभे. म्हणाले, "वहिनी, घरघंटी जरा उजाडल्यावर लावली तर नाही का चालणार?" त्यांना वाटत होतं मी रोज पहाटे दळण काढते. मी घामानं निथळत, सायकलची चड्डी घालून दारात. आम्ही दोघांनीही एकमेकांकडं बघायचं टाळून बोलणं आटपलं.

यावर इलाज नवऱ्यानं केला. त्याचं उद्यमनगरात छोटं मशीनशॉप आहे. त्यानं अठरा मिलीमीटरच्या प्लायचे दोन तुकडे कापले आणि मध्ये जुन्या कन्व्हेयर बेल्टच्या रबराचे चौकोन टाकले. कडेला नाही, ठराविक ठिकाणीच. का तिथंच, हे त्यानं मला लेथ मशीनच्या फाउंडेशनचं उदाहरण देऊन समजावलं. मी मान हलवली. खर्च साडेसहाशे रुपये. दुकानात जी ट्रेनरची मॅट मिळते ती आधी चार हजार देऊन आणली होती. ती घाम फरशीवर पडू नये एवढ्यापुरती ठीक आहे, हादऱ्यांना तिचा काडीचा उपयोग नाही. फळी टाकल्यावर काकांना विचारायला गेले. म्हणाले, "आता काही नाही, फक्त कुणीतरी लांब विमान चालवल्यासारखं वाटतं." मी ते होकार म्हणून घेतलं.

आता वॉटची गोष्ट, कारण वेळ वाचतो तो इथं. पायातून किती जोर निघतोय हे ट्रेनर वॉटमध्ये मोजतो. आधी वीस मिनिटं जीव खाऊन चालवायचं, त्याच्या सरासरीचे 95 टक्के काढायचे. तो आकडा म्हणजे साधारण तासभर कसाबसा टिकेल एवढा जोर. सायकलवाले त्याला एफटीपी म्हणतात. माझा फेब्रुवारीत 148 आला, सप्टेंबरला 167. या आकड्याला धरूनच सगळा व्यायाम लावायचा. एकदा अर्ग मोड लावला की यंत्र म्हणतं, आता आठ मिनिटं 150 वॉट. तुम्ही गिअर बदला, हळू फिरवा, काहीही करा, ते तेवढाच जोर काढून घेणार. रस्त्यावर उतार येतो, सिग्नल येतो, कुत्रं मागं लागतं, ग्रुपमधला कुणीतरी पंक्चर होतो. इथं तसलं काही नाही. पॅडल थांबवायला कारणच मिळत नाही. म्हणून बाहेर चार तास घालवून जे पायात उतरायचं ते मला इथं तीन तासांत मिळालं. कपडे-हेल्मेट-हवा-दिवे यांत जाणारी वीस मिनिटं वेगळीच.

या मोडचा एक दुष्टपणा सांगून ठेवते. दमून पाय मंदावले की तेवढेच वॉट काढायला यंत्र आणखी घट्ट होतं. घट्ट झालं की पाय आणखी मंदावतात. मग आणखी घट्ट. शेवटी पॅडल चिखलात रुतल्यासारखं थांबतं आणि तुम्ही हँडलवर डोकं टेकवता. आमच्याकडं आत्ती एकदा हे बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "उसाला चरक लागल्यागत झालंय तुझं. रस निघाला, आता चोयट्या राहिल्या." यावर उपाय एकच. मंदावतंय असं वाटलं की मोड बंद करायचा आणि अहंकार बाजूला ठेवून पाच मिनिटं हलकं चालवायचं.

ट्रेनरचं आत्तींनी ठेवलेलं नाव "घाणा". सगळ्या इमारतीत आता तेच नाव रूढ आहे. 1 ऑगस्टला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ब्राँझ जिंकलं तेव्हा आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा म्हणून कोल्हापूर नुसतं उसळलं होतं, आमच्या शाखेत पेढे वाटले. संध्याकाळी घरी आले तर आत्ती म्हणाल्या, "त्या पोरानं एका जागी पडून मेडल आणलं. तू एका जागी फिरून काय आणणार हैस?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

घाम ही दुसरी मोठी गोष्ट. बाहेर वारा असतो म्हणून किती घाम गेला ते कळत नाही. घरात वारा नाही. तासाभरात खाली थारोळं. हा घाम सायकलच्या स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) बोल्टांवर आणि हेडसेटमध्ये (हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगमध्ये) उतरतो, आणि घामातलं मीठ लोखंड खातं. माझा एक बोल्ट पाच महिन्यांत गंजून बसला. ड्रिल करून काढावा लागला, हेडसेट बदलावा लागला, नऊशे रुपये. बाजारात यासाठी जाळीसारखं एक फडकं मिळतं, हँडलपासून सीटपर्यंत बांधायचं. ते मी घेतलं आणि परत केलं. त्याऐवजी आत्तींच्या जुन्या सुती लुगड्याची चौघडी घालते. ती पितेही जास्त आणि रोज धुवून टाकता येते. पंखा मात्र मोठा घ्या, शक्यतो दोन. घरातल्या गरमीत माझे वॉट दहा-बारानं कमी पडायचे, फॅन वाढवल्यावर ते परत आले. प्यायला लिंबू-मीठ-साखर, आणि तीन तास बसायचं असेल तर गूळ-शेंगदाणे. कोल्हापुरात राहून परदेशी एनर्जी जेल चोखायचं म्हणजे गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर उभं राहून पावडरचं दूध पिण्यासारखं. शर्यतीपुरती दोन पाकिटं सवय म्हणून खाल्ली, तेवढंच.

पावसाळ्यात लाईट जाते. ट्रेनरला वीज फार लागत नाही, पण ती गेली की चुंबक सुटतो आणि पायाखालचा घाटच नाहीसा होतो. पाय एकदम मोकळे फिरतात, गुडघ्याला हिसका बसतो. दोनदा बसल्यावर नवऱ्यानं त्या खोलीतला एक प्लग इन्व्हर्टरवर घेतला. हे पहिल्या दिवशीच करून घ्या. ॲपबद्दल फार लिहीत नाही. झ्विफ्ट महिनाभर वापरून बघितलं. वाटोपिया नावाच्या काल्पनिक बेटावर जगभरची माणसं सायकल चालवतात, छान आहे, धाकटा तर खिळून बसायचा. पण महिन्याला वीस डॉलर म्हणजे आमच्या घरच्या दुधाच्या बिलाच्या जवळ जातं. मी यंत्राबरोबर आलेल्या फुकट ॲपवर आकडे लावते आणि टीव्हीवर जुन्या क्रिकेट मॅचेस बघते. निकाल माहीत असला की दम लागत नाही.

आता ज्यासाठी बहुतेक लोक हे यंत्र घेतात त्याविषयी. घरच्यांना वेळ देता यावा म्हणून. मीही त्याचसाठी घेतलं होतं. माझा हिशेब सरळ होता: बाहेर जाणं बंद, म्हणजे तेवढी मी घरात. आठवड्याला नऊ-दहा तासांचा सराव, त्यातले पाच-सहा सायकलचे. ते सगळे घरात आले तर कुणाची तक्रार राहायचं कारण नाही.

मार्चमध्ये एका संध्याकाळी माझ्या बहिणीचा फोन आला. मी आतल्या खोलीत, दार लावून, कानात इअरफोन. थोरलीनं फोन घेतला. एक गाणं संपून दुसरं लागायच्या मध्ये मला ऐकू आलं, "आई घरात हाय, पण ट्रेनरवर हाय. म्हणजे नाहीच." ती रागानं बोलत नव्हती. आजी देवळात गेलीय असं सांगावं तशी सांगत होती. मी उरलेली बारा मिनिटं पूर्ण केली, हेही प्रामाणिकपणे लिहिते.

विचार करता लक्षात आलं, की बाहेर जात होते तेव्हा निदान परत यायचे. दार उघडायचं, धाकटा धावत यायचा, बाटल्या हातातून घ्यायचा. आता मी येतही नव्हते आणि जातही नव्हते. बंद दाराआडून एक घरघर ऐकू यायची, आणि ती चालू असेपर्यंत कुणी काही विचारायचं नाही, हा घरातला नवा नियम झाला होता. नियम मी केला नव्हता. त्यांनीच करून घेतला होता. नवऱ्यानं सुद्धा. गॅस संपला तर तो मेसेज करायचा, शेजारच्या खोलीतून.

तेव्हापासून मी या यंत्राचे दोन भाग पाडले. जीव काढणारे व्यायाम मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे साडेचार ते पावणेसहा, सगळे झोपलेले असताना, दार लावून. रविवारचे तीन तासही साडेचारला सुरू, म्हणजे धाकटा उठायच्या आत संपत आलेले. आणि हलका व्यायाम, ज्यात बोलता येतं तो, संध्याकाळी. पण तो बाहेरच्या खोलीत, दार उघडं, इअरफोन नाहीत. त्यासाठी फळीला नवऱ्यानं चाकं लावली, लॉक होणारी. मला विचाराल तर अख्ख्या खरेदीतला सगळ्यात उपयोगी भाग ती साडेचारशे रुपयांची चाकं आहेत.

हलका व्यायाम म्हणजे मिनिटाला नव्वद फेरे, वॉट शंभराच्या आत. धाकट्यानं शोध लावला की पाढे या ठेक्यात बसतात. बे एके बे, बे दुणे चार, प्रत्येक फेऱ्याला एक. सतराच्या पाढ्याला मात्र माझे फेरे ऐंशीवर यायचे, कारण सतरा नव्वे त्याला पटकन आठवायचं नाही आणि मलाही. थोरली समोर गणितं सोडवत बसायची. आत्ती मटार सोलत. कुणी काही विचारलं तर मी उत्तर द्यायचे, धाप लागत असेल तर तो व्यायाम चुकीचा, असा माझा नवा नियम. कोच पैसे घेऊन हेच सांगतात, पण माझ्या घरात ते मटारच्या शेंगांनी पाळायला लावलं.

तरी सगळं गोडगोड झालं असं समजू नका. ऑगस्ट अवघड गेला. लाडकी बहीण योजनेचे दिवस. शाखेबाहेर सकाळी नऊपासून बायकांची रांग, कुणाचं आधार खात्याला जोडलेलं नाही, कुणाचं खातं दहा वर्षं पडून, कुणी नवऱ्याच्या नावाचं पासबुक घेऊन आलेली. पंधराशे रुपयांसाठी तान्हं पोर काखेला मारून तीन-तीन तास उभ्या असलेल्या बाया. घरी यायला साडेआठ व्हायचे. असल्या दिवशी संध्याकाळी सायकलवर बसून नव्वद फेरे मोजायची मला लाज वाटायची, दमणूक वेगळीच. तीन आठवडे संध्याकाळचा व्यायाम सोडला. आकडे पडले नाहीत. पहाटेचे दोन आणि रविवारचा एक एवढ्यावर भागलं. वेळापत्रक बनवणाऱ्याला हे कळवलं तेव्हा त्याचं उत्तर आलं, "मग तेवढंच करा." आधीच का नाही सांगितलंस बाबा.

सप्टेंबरला गणपती-गौरी आणि 30 तारखेची बँकेची सहामाही. ऑक्टोबरला नवरात्र. मग शर्यतीचा आठवडा आला तो नेमका फराळाचा. 27 ला शर्यत, 28 ला वसुबारस. शेवटच्या आठवड्यात सराव कमी करायचा असतो, पायांना विश्रांती द्यायची असते. मी चार दिवस भाजणी भाजत उभी. नवऱ्यानं चकलीचा सोऱ्या हातात घेतला, यंत्रातला माणूस असल्यानं त्याच्या चकल्या एकसारख्या आल्या, आत्तींना ते आवडलं नाही. शुक्रवारी आजरा-आंबोलीमार्गे सगळे गोव्याला, डिकीत चिवड्याचा डबा.

शर्यतीत ट्रेनर कुठं कामाला आला आणि कुठं नाही, ते सांगते. पोहायला 52 मिनिटं लागली. सायकलला 3 तास 41 मिनिटं. पाय कुठंही संपले नाहीत. ठरवल्याप्रमाणे 115 वॉटच्या आसपास धरून बसले, बाजूनं लोक पुढं जात होते तरी. हा संयम शंभर टक्के घाण्याचा. साठ किलोमीटरनंतर त्यांतले बरेच परत भेटले.

पण हँडलवरून हात काढायला तो शिकवत नाही. घरी सायकल फळीवर घट्ट असते, डोळे मिटूनही बाटली काढता येते. गोव्यात एका उंचवट्यावर बाटली काढायला गेले, सायकल हलली, बाटली सुटून मागं गडगडत गेली. त्यानंतर भीतीनं मी पाणी कमी प्याले. त्याची किंमत पळताना मोजली. ऑक्टोबरातलं गोव्याचं ऊन कसं असतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. 21 किलोमीटरला 2 तास 24 मिनिटं, त्यातलं बरंचसं चालत. उतारावरही मी घाबरट होते, सारखी ब्रेकवर. वळण कसं घ्यायचं, वारा आडवा आला तर काय, हे फक्त रस्ता शिकवतो. मधला बदलाबदलीचा वेळ धरून एकूण 7 तास 12 मिनिटं. साडेआठच्या आत, बऱ्यापैकी आत. म्हणून माझं म्हणणं: चार आठवड्यांतून निदान एक रविवार बाहेर काढाच. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद असते, तो दिवस मी त्याला द्यायला हवा होता. दिला नाही, कारण घरात बसून होतंय म्हटल्यावर आळस येतो.

धाकट्यानं शेवटच्या वळणावर माझ्याबरोबर पळायचं ठरवलं होतं. पण त्याला तिथल्या माणसांनी अडवलं, मग तो कठड्यापलीकडून सतराचा पाढा ओरडत होता.

बिघाड. फेब्रुवारी 2025 मध्ये जोर लावला की किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. वॉरंटी नव्हती. बाहेर दाखवायला पाठवायचं म्हणजे सतरा किलोचं कुरिअर. नवऱ्यानं कान लावला आणि म्हणाला, "बेल्ट घसरतोय. आणि एक बेअरिंगपण गेलंय." उघडून बघितलं, दोन्ही खरं. बेअरिंग उद्यमनगरात मिळालं, दोन्ही बाजूंचे बदलले, 360 रुपये. बेल्टचा ताण वाढवला. त्यानंतर वेग 35 च्या पुढं नेऊन पॅडल सोडायचं आणि यंत्र आपोआप थांबेपर्यंत वाट बघायची, ते कॅलिब्रेशन केलं. आकडे परत जागेवर. घरात असा नवरा किंवा गल्लीत असा मिस्त्री नसेल तर सेकंडहँड घेताना विचार करा. घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन दहा मिनिटं जोर लावून चालवून बघा, हलकं चालवून काही कळत नाही. आणि तुमच्या सायकलचा मागचा ॲक्सल, म्हणजे चाकाचा आस, कुठल्या प्रकारचा आहे ते आधी बघा. जुन्या पद्धतीच्या क्विक रिलीजला आणि नव्या थ्रू ॲक्सलला वेगवेगळे अडॅप्टर लागतात. विकणाऱ्यानं ते हरवलेले असतात.

कुणी घ्यावा? ज्यांच्याकडं पाऊस असा पडतो, ज्यांना अंधारात हायवेला जायचं नाही, ज्यांचा दिवस कुणाच्या तरी उठण्याआधी संपवावा लागतो, त्यांनी. घरच्यांची नाराजी घालवायला घेणार असाल तर थांबा, आधी यंत्र कुठल्या खोलीत राहणार आणि दार उघडं असणार की बंद हे ठरवा. माझ्याकडून पाचपैकी चार. एक तारा खालच्या काकांसाठी कापला.

2025 च्या शर्यतीला मी नाव दिलं नाही. थोरली यंदा दहावीला. घाणा चालूच आहे, पण आठवड्याला तीनदा, पहाटेचाच. ती साडेचारला उठून बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसते, मी आत. दार उघडं असतं.

ग्रुपमधल्या दोघांनी आत्ताच विचारून ठेवलंय, विकणार का. मार्चनंतर विचारा. विकला तर 38 हजार, बेअरिंग नवी, बेल्ट ताणलेला, अडॅप्टर सगळे डब्यात. फळी मिळणार नाही. तिच्यावर सध्या आत्तींनी दिवाळीचा मोठा डबा ठेवलाय, ढकलत स्वयंपाकघरात न्यायला सोपं जातं म्हणून.